थांबणे आणि परतणे

त्या पुलावर काहीही घडले नव्हते. ही गोष्ट सांगताना मला नेमके हेच वाक्य जड जाते, कारण ऐकणाऱ्याला कारण हवे असते: अंगावर आलेला ट्रक, करकचून दाबलेला ब्रेक, थोडक्यात टळलेला अपघात. तसे काही असते तर भीतीला टांगायला निदान एक खुंटी मिळाली असती. प्रत्यक्षात दुपारची निवांत वेळ होती, रस्ता कोरडा होता, रहदारी तुरळक होती आणि गाडी चालवू लागून मला अकरा वर्षे होऊन गेली होती. पूल लांबलचक होता खरा, पण त्यावरून मी त्याआधी शंभरदा तरी गेले असेन. त्या दिवशी मध्यावर पोहोचताना अचानक जाणवले, की श्वास पुरा पडत नाही. पाठोपाठ छातीत धडधडू लागले, बोटांना मुंग्या आल्या, तळहात घामाने निसरडे झाले आणि समोरचा रस्ता कोणीतरी काचेपलीकडून दाखवत असलेल्या चित्रासारखा परका दिसू लागला. मग तो विचार आला, जो पुढची दोन वर्षे माझ्या मानगुटीवर बसणार होता: मी आता बेशुद्ध पडणार आणि गाडी कठडा तोडून खाली जाणार.

तशी ती गेली नाही. पूल संपला, रस्त्याकडेला रुंद जागा आली, मी गाडी थांबवली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने धाकटी बहीण मला न्यायला आली, तेव्हा चारही इंडिकेटर लुकलुकत होते, हँडब्रेक ओढलेला होता आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या चांगली हातभर आत उभी होती. "ताई, एवढं सगळं होत असताना तू गाडी इतकी व्यवस्थित लावलीस?" ती म्हणाली. यांतले काहीही केल्याचे मला आठवत नव्हते. माझा जीव जायची वेळ आली होती आणि हिला पार्किंगचे कौतुक सुचते आहे, असे वाटून मला तेव्हा तिचा रागच आला. तिच्या त्या वाक्यात काय दडले होते हे कळायला मला फार उशीर लागला.

रुग्णालयात ईसीजी काढला गेला, रक्त तपासले गेले, रक्तदाब मोजला गेला आणि सगळे काही व्यवस्थित निघाले. "काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असे मला हसून सांगण्यात आले. तासाभरापूर्वी ज्या माणसाला आपण मरणार याची खात्री पटली होती त्याला हे वाक्य ऐकून सुटल्यासारखे वाटते आणि त्याच वेळी खोटे पाडल्यासारखेही वाटते. तरीही ती तपासणी झाली हे उत्तमच झाले. हृदयाच्या ठोक्यांमधील अनियमितता, थायरॉइडचा विकार, रक्तातील साखर उतरणे, आतल्या कानातील तोल राखणाऱ्या यंत्रणेतला बिघाड, अशा अनेक गोष्टींची लक्षणे पॅनिक अटॅकशी, म्हणजे मला आला तशा अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी, मिळतीजुळती असतात. त्यांची शक्यता डॉक्टरांनी तपासून बाजूला सारायची असते; छातीत दुखत असताना "हा आपला नेहमीचा घाबरण्याचा प्रकार असेल" असे घरबसल्या ठरवून टाकणे शहाणपणाचे नाही.

त्या आठवड्यात मी पुलावरून गेले नाही. आपण पूल टाळतो आहोत असे मी स्वतःशीही म्हटले नाही; फक्त दुसरा रस्ता धरला, जो वीस मिनिटांनी लांबचा होता आणि ज्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे बरेच मुद्दे होते. तिकडे रहदारी कमी असते, झाडे आहेत, शिवाय पुलाचे काहीतरी दुरुस्तीचे काम निघणार आहे असे ऐकले होते. पुढे उड्डाणपुलांवरही तसेच होऊ लागले, म्हणून ते सुटले. मग बोगदे सुटले. मग महामार्गच सुटला, कारण त्यावरून बाहेर पडायचे फाटे दूर दूर असतात आणि एकदा आत शिरले की पुढचा फाटा येईपर्यंत आपण त्याच्या स्वाधीन असतो. शेवटी शेवटी तर सिग्नलला पुढेमागे गाड्या उभ्या राहिल्या तरी घशाशी काहीतरी दाटून येई. मी नेहमी कडेच्या लेनमधून जाई, काच दोन बोटे उघडी ठेवी, पाण्याची बाटली मांडीला टेकलेली असे, फोन पूर्ण चार्ज केलेला आणि त्यावर बहिणीचा नंबर आधीच उघडून ठेवलेला असे. कोणत्या रस्त्यावर कुठे कुठे थांबता येईल याचा एक गुप्त नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला होता. रोज त्यातला एखादा रस्ता पुसला जात होता आणि मला ते समजत नव्हते, कारण पुसणारी मीच होते.

या काळात सर्वांत मोठे नुकसान पुलापलीकडे झाले. तिथे माझी जुनी मैत्रीण राहते. तिच्याकडे पूर्वी मी आठवड्यातून एकदा तरी जात असे. आता कधी कामाचे, कधी सर्दीचे, कधी गाडीच्या सर्व्हिसिंगचे निमित्त सांगू लागले. तिने काही महिने वाट पाहिली आणि मग बोलावणे सोडून दिले. मी दुरावले आहे, माझ्या मनात काहीतरी अढी बसली आहे, असा तिचा समज झाला. खरे कारण सांगण्यापेक्षा तो समज मी तसाच राहू दिला. भीतीपेक्षा भीतीची लाज जास्त खर्चिक असते, असे मला आता वाटते. भीतीने माझे रस्ते नेले, पण माणूस लाजेने नेले.

ज्या समुपदेशक बाईंकडे मी अखेर गेले त्यांनी पहिल्याच भेटीत मला एक विचित्र काम दिले. खुर्चीत बसून एक मिनिटभर शक्य तितक्या जोरात आणि भराभर श्वास घ्यायचा. चाळीसएक सेकंदांत माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोके हलके झाले, आणि समोरची भिंत अगदी त्या दुपारच्या रस्त्यासारखी परकी दिसू लागली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "इथे तर पूल नाही." (हा प्रयोग डॉक्टरांनी हृदय आणि फुप्फुसे ठीक असल्याचे सांगितल्यावर, जाणकार माणसासमोर आणि खुर्चीतच करायचा असतो, चालत्या गाडीत कधीही नाही, हे मुद्दाम सांगून ठेवते.)

भराभर श्वास घेतला की फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्यामुळे रक्ताची आम्लता घटते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि रक्तातील मोकळे कॅल्शियम कमी झाल्याने बोटांना, ओठांना मुंग्या येतात. गंमत अशी, की प्राणवायू पुरेसा असतानाच श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो आणि माणूस आणखी जोरात श्वास ओढू लागतो. छातीतली धडधड हे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचे काम. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली संकटात सापडलेल्या प्राण्याच्या शरीराची ही तयारी वर्णन केली होती: लढायचे किंवा पळायचे, आणि त्यासाठी रक्त स्नायूंकडे वळवायचे. मला या माहितीतला एकच तपशील सर्वांत मोलाचा वाटला. बेशुद्ध पडायला साधारणपणे रक्तदाब उतरावा लागतो, आणि अशा झटक्यात तो उलट चढलेला असतो. म्हणूनच पॅनिक अटॅकमध्ये शुद्ध हरपणे दुर्मिळ असते. दोन वर्षे मी ज्या घटनेची वाट पाहत होते, तिच्या नेमकी विरुद्ध दिशेला माझे शरीर चालले होते.

मग ही घटना घडणारच असे मला का वाटत होते? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या प्रश्नाचे जे उत्तर मांडले ते आजच्या उपचारांच्या मुळाशी आहे. शरीरात एखादी साधी संवेदना उठते, माणूस तिचा अर्थ अनर्थाकडे लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते आणि वाढलेली संवेदना त्या अर्थाचा पुरावा ठरते. धडधडले म्हणजे हृदयविकाराचा झटका आला, डोके हलके झाले म्हणजे आता कोसळणार. त्यांच्याही आधी, १९६०च्या दशकात, क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टर हीच गोष्ट घरगुती भाषेत सांगत होत्या: पहिली भीती आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नसतो, दुसरी भीती ही त्या पहिल्या भीतीची भीती असते आणि तिला आपणच इंधन पुरवतो. माझ्या बाबतीत पहिली भीती एखाद्या मिनिटाची असे. उरलेला सगळा वेळ दुसरीचा होता.

तरीही हे सगळे गाडीतच का व्हावे, हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नव्हता. घरात जिना चढतानाही छाती धडधडते, पण तिथे मी घाबरत नाही. विचार करता करता जाणवले, की गाडी ही या झटक्यासाठी जणू मुद्दाम बनवलेली जागा आहे. शरीर पळायची तयारी करते आणि आपण पट्ट्याने खुर्चीला बांधलेले असतो; स्नायूंकडे धावलेल्या रक्ताला करायला काहीच नसते. मनाला मात्र मोकळा वेळ असतो, कारण सरळ रस्त्यावर सरावलेले हात आपले काम आपणच करत राहतात, आणि रिकामे मन आत डोकावून नाडी मोजत बसते. त्यात पुलावर कठड्यांच्या आणि बोगद्यात दिव्यांच्या रांगा डोळ्यांच्या कडेने सारख्या मागे धावत असतात, त्याने मुळातच थोडे गरगरल्यासारखे होते. सगळ्यांवर कळस म्हणजे जबाबदारी. खोलीत घाबरलेल्या माणसाचे फार तर हसे होते. रस्त्यावर घाबरलेल्या माणसाला शेजारून चाललेल्या शाळेच्या बसमधली मुले दिसत असतात. मला मरणाची भीती होतीच, पण मारण्याची भीती तिच्याहून मोठी होती.

बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली मोकळे चौक आणि निर्मनुष्य रस्ते ओलांडताना अशाच भीतीने गोठून जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्या विकाराला अ‍ॅगोराफोबिया हे नाव दिले. त्यातली एक नोंद वाचून मी एकटीच हसले. सोबतीला कोणी असले, किंवा नुसती काठी किंवा एखादे वाहन जवळ असले, तरी या रुग्णांना धीर येई, अशी ती नोंद आहे. त्यांना ज्या वाहनाचा आधार वाटला त्याच वाहनात बसून मला आधार शोधावा लागत होता, आणि त्यांच्या काठीच्या जागी माझी पाण्याची बाटली होती. अमेरिकेतील मिशिगन राज्यातला मॅकिनॉ पूल, जो १९५७ साली खुला झाला आणि जवळपास ८ किलोमीटर लांब आहे, तिथे ज्यांना स्वतः गाडी चालवत पलीकडे जाण्याची हिंमत होत नाही त्यांची गाडी चालवून नेण्यासाठी पुलाच्या व्यवस्थापनाने माणसे नेमलेली आहेत. ही माहिती मला ज्या दिवशी समजली त्या दिवशी मला फार बरे वाटले. पुलाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी जिच्यासाठी माणसे नेमावीत, ती भीती माझ्या एकटीची असणे शक्य नव्हते.

मात्र त्या सोयीचा हेवा वाटता वाटताच मला माझा घोळही कळला. माझ्याकडेही अशी सोय होतीच की: बाटली, काच, कडेची लेन, बहिणीचा नंबर. ओ. एच. मौरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली मांडले होते, की भीती एका मार्गाने शिकली जाते आणि दुसऱ्याच मार्गाने टिकते; ती टिकते टाळल्यावर मिळणाऱ्या सुटकेच्या सुखामुळे. मी दर वेळी लांबच्या रस्त्याला वळले की जो हुश्श असा श्वास सोडत होते, तोच माझ्या भीतीचा पगार होता. आणि जेव्हा टाळत नव्हते, तेव्हा सुखरूप पोहोचल्याचे श्रेय बाटलीला जात होते. पुलावर काय होते ते मला कळायला हवे होते, आणि मी दर वेळी साक्षीदारालाच बाहेर पाठवत होते.

येथवर सगळे पटण्यासारखे होते. अडचण पुढे आली. घाबरल्यावर पळू नका, त्या जागी टिकून राहा, भीतीची लाट आपोआप ओसरू द्या, असे उपचाराचे तत्त्व सांगते. बाजारात किंवा लिफ्टमध्ये ते ठीक आहे. पण हात थरथरत असताना, नजर धूसर झाली असताना, चालत्या रहदारीत टिकून राहणे हे धैर्य नव्हे, तो इतरांवर लादलेला धोका आहे. मग थांबायचे का? थांबले की पळाल्यासारखे होते. नाही थांबले तर बेजबाबदार होते. हा पेच मी समुपदेशक बाईंपुढे अक्षरशः भांडणाच्या सुरात मांडला, कारण कुठलाही सल्ला देणारा माणूस या मुद्द्यावर गुळमुळीत बोलतो असा माझा अनुभव होता. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "थांबल्यावर तुम्ही पुढे जाता की मागे फिरता?"

मी दर वेळी मागे फिरत होते. थांबणे आणि परतणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी थांबले की बहिणीला बोलावत असे, ती येऊन गाडी घेई आणि आम्ही घरी येत असू. म्हणून थांबणे म्हणजे हरणे असा हिशेब माझ्या मनात पक्का झाला होता, आणि त्या हिशेबामुळे मला गाडी चालवतानाच थांबण्याचीही धास्ती वाटे. आता नियम ठरला. हात विश्वासाचे वाटत नसतील तर थांबायचे, पण जिथे दिसेल तिथे ब्रेक मारून नव्हे: वेग हळूहळू कमी करायचा, आरशात पाहायचे, सुरक्षित रुंद जागा किंवा पुढचा फाटा येईपर्यंत जायचे, चारही इंडिकेटर लावायचे, हँडब्रेक ओढायचा. पुलावर किंवा बोगद्यात थांबायचे नाही, तिथून बाहेर पडून थांबायचे. मग लाट उतरेपर्यंत बसायचे, कारण असा झटका काही मिनिटांतच कळसाला पोहोचतो आणि तिथून त्याला उतरण्यावाचून गत्यंतर नसते. डोके ताळ्यावर आले की पुढे जायचे. एकच फाटा पुढे, अर्धाच किलोमीटर पुढे, पण पुढे. त्यानंतर वळून घरी आले तरी चालेल.

हा नियम वाचायला क्षुल्लक वाटेल. माझ्यासाठी त्याने सगळे बदलले, कारण थांबण्याची मोकळीक मिळाल्यावर थांबण्याची गरजच निम्म्याने घटली.

सरावाची सुरुवात हास्यास्पद होती. पहिले दोन दिवस मी उभ्या गाडीत सीटबेल्ट लावून, काचा बंद करून, इंजिन सुरू न करता नुसती बसत होते आणि तेवढ्यानेही घाम फुटत होता. नंतर महामार्गाचा एक फाटा, तोही सकाळी लवकर आणि बहीण शेजारी असताना. मग ती मागच्या सीटवर बसू लागली. मग तिची गाडी माझ्या गाडीच्या मागे येऊ लागली, आणि मग ती तिच्या घरी, फोन माझ्या बॅगेत. बाटली डिकीत गेली तो दिवस मला वाढदिवसासारखा लक्षात आहे. एका वहीत मी दोन रकाने आखले होते. निघण्यापूर्वी पहिल्यात "काय होईल असे वाटते" ते लिहायचे आणि पोहोचल्यावर दुसऱ्यात "काय झाले" ते. पहिला रकाना कादंबरीसारखा भरत असे. त्यात कठडे तुटत, रुग्णवाहिका येत, वर्तमानपत्रात बातम्या छापून येत. दुसऱ्यात बहुधा "धडधडले, तळहात ओले, पोहोचले" एवढेच असे.

गाडी चालवताना काय करावे यावर मला पुष्कळ सल्ले मिळाले. "त्याचा विचारच करू नकोस" हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, आणि त्या लोकांच्या डोक्यात अस्वल वारंवार येऊन बसले होते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही कोणीतरी सुचवला. तो आता उचित मानला जात नाही, कारण मूळ दुखणे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे असेल तर त्याने अपाय होऊ शकतो, शिवाय दोन्ही हात पिशवीला लावून गाडी कोण चालवणार? मला उपयोग झाला तो श्वास सोडण्याचा. घेण्याकडे लक्ष न देता सोडणे लांबवायचे, शिट्टी वाजवताना ओठ होतात तसे करून, डोळे सताड उघडे ठेवून. आणि दुसरा उपयोग झाला नजरेचा. मायकेल लँड आणि डेव्हिड ली या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले, की वळणावर चालकाची नजर आपोआप वळणाच्या आतल्या कडेवरील एका ठरावीक बिंदूकडे जाते आणि हात त्या नजरेमागून जातात. घाबरल्यावर माझी नजर कठड्याला चिकटत असे, म्हणून गाडीही तिकडे ओढली जाते आहे असे वाटे. नजर उचलून दूर रस्त्यावर ठेवली की हातांना काम मिळे आणि आतल्या नाडीमोजणीला सुट्टी.

हात म्हटले की बाबांची आठवण येते. त्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: "अगं, आवळू नकोस, नुसतं धर." आवळलेल्या स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा खांद्यापर्यंत पोहोचतो, नुसते धरले तर गाडी स्वतःच बरीचशी सरळ जाते. त्या वेळी मला ही चालवण्याची युक्ती वाटली होती. पुढे पुलावर पांढरीफटक पडलेली माझी बोटांची पेरे पाहिली तेव्हा कळले, की मी झटक्यालाही तसाच आवळून धरत होते. तो येऊ नये म्हणून, आला तर वाढू नये म्हणून, वाढला तर दिसू नये म्हणून. सराव करताना मी आधी बोटे सैल करायला शिकले. धडधडते आहे ना, धडधडू दे. आपण तिसऱ्या गिअरमध्ये आहोत आणि पुढे ट्रक आहे. हे म्हणणे सोपे आणि करणे अवघड आहे, हे मी मान्य करते.

औषधांबद्दल मी थोडेच बोलेन. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या पॅनिक अटॅकवरही उपयोगी पडतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि अनेकांना त्यांचा खरोखर आधार होतो. तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांनी मात्र गुंगी येते आणि प्रतिक्रिया मंदावतात; त्या घेऊन गाडी चालवणे म्हणजे काल्पनिक अपघात टाळण्यासाठी खऱ्या अपघाताची सोय करणे होय. कोणती घ्यायची, किती, कधी थांबवायची, हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. मी स्वतःसाठी ठरवलेली साधी गोष्ट म्हणजे झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी सरावाला निघायचे नाही आणि निघण्यापूर्वी कॉफी प्यायची नाही, कारण कॅफिनने होणारी धडधड माझे शरीर भीतीच्या खात्यात जमा करत असे.

आठ महिन्यांनी, सगळे सुरळीत चालले आहे अशी खात्री झाल्यावर, एका पावसाळी संध्याकाळी बोगद्यात मला पुन्हा तसाच झटका आला. तोच श्वास, तेच परके दृश्य. बाहेर पडून मी थांबले आणि रडले, कारण सगळी मेहनत पाण्यात गेली असे वाटले. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. खाण्याआधी घंटा ऐकून सरावलेल्या कुत्र्यांना नुसत्या घंटेनेही लाळ सुटे; पुढे घंटेनंतर खायला देणे बंद केले की ते लाळ सुटणे हळूहळू थांबत असे, आणि मध्ये काही काळ विश्रांती दिली की ते पुन्हा डोके वर काढत असे. जुने शिकलेले पुसले जात नाही. त्याच्यावर नवे शिकलेले लिहिले जाते, आणि एखाद्या ओल्या अंधाऱ्या संध्याकाळी खालची अक्षरे वर दिसू लागतात. हे मला त्या क्षणी आठवले असे म्हणणे खोटे होईल. त्या क्षणी मला नियम आठवला. वीस मिनिटे बसले, वायपर चालू ठेवले, मग पुढच्या फाट्यापर्यंत गेले आणि तिथून वळले.

घरी परतायचे तर पुन्हा तोच बोगदा पार करावा लागणार होता, हे माझ्या वळल्यानंतर लक्षात आले.

मैत्रिणीला मी सगळे फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "अगं, मग मी आले असते की तुझ्याकडे." दोन वर्षांत हा पर्याय माझ्या एकदाही मनात आला नव्हता. तरी मी तिला येऊ नकोस म्हणून सांगितले.

ज्या रविवारी मी तिच्याकडे निघाले त्या सकाळी वहीतला पहिला रकाना भरायला मला पाऊण पान लागले. पुलाच्या तोंडाशी येईपर्यंत तोंड कोरडे पडले होते. पूल चढताना छाती धडधडू लागली, मध्यावर बोटांना मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्या आल्याआल्या बोटे सैल सोडायचे मला नेहमीप्रमाणे उशिरा सुचले. मी वेग फारच कमी ठेवला असावा. पलीकडे रुंद जागा आली, ती तीच होती, आणि तिच्याकडे पाहून मी पुढे गेले. मैत्रिणीच्या घरासमोर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि आत जाण्यापूर्वी बॅगेतून वही काढून दुसऱ्या रकान्यात लिहिले: "मागच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला."